जुवारीकाठचे शिंपले व भोजनाचा रिवाज

वास्कोहून पणजीच्या रस्त्याने निघालेला प्रवासी चिखली गावापुढे आला म्हणजे डाव्या हातास जुवारीचे विस्तीर्ण पात्र दिसू लागते. ओहोटीला येथील चिखल उघडा पडतो आणि गुडघाभर पाण्यात वाकून तिसऱ्या वेचणाऱ्या बायका दृष्टीस पडतात. याच खाडीत एक चपटी, अभ्रकासारखी शिंप वाढते. गोमंतकातील जुन्या घरांच्या व चर्चच्या खिडक्यांना काचेऐवजी हिचेच तुकडे बसविलेले आढळतात. या शिंपेला आता १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याचे कवच आहे; सबब ती ताटात येणे नाही. तिसऱ्या, शिनाणे, कालवे व कुर्ल्या मात्र घरोघरी शिजतात. शुक्रवारी मांस वर्ज्य असले तरी यांना मज्जाव नसल्यामुळे प्रायश्चित्तकाळात तर त्यांना विशेष मान असतो.

बेळगाव, हैदराबाद वा इंदूरकडे वाढलेली आमची मंडळी या भागात पाहुणी आली म्हणजे शिंपल्यांचे ताट पाहून गोंधळतात. काटा धरावा की बोटे? आमच्या मते बोटेच धरावीत. कवचातला गर काढण्यास त्यांच्याइतके शहाणे हत्यार नाही आणि त्यात गावंढळपणा मुळीच नाही. सभ्यता पाहावयाची ती इतरत्र.

तिसऱ्यांची एकशिपी हा प्रकार पाहा. घरधनीण विळीवर एकेक शिंप उघडते, गर एका शकलात राखते व दुसरे टाकून देते; म्हणजे पाहुण्याचे अर्धे काम तिने आधीच उरकलेले असते. आपण शिंप तीन बोटांनी उचलावी, गर दातांनी अलगद ओढून घ्यावा आणि कवच बाजूच्या ताटलीत ठेवावे. शिंपेतला रस ओठांनी टिपण्यास हरकत नाही. आवाज मात्र शेजाऱ्यापर्यंत जाऊ नये. तिसऱ्या काही तास मिठाच्या पाण्यात ठेवल्या म्हणजे पोटातली वाळू बहुतेक सोडतात. तरीही एखादा कण दाताखाली आलाच, तर तो मुकाट्याने काढून ठेवावा. स्वयंपाकघरात ऐकू जाईल असे खाकरू नये. अख्ख्या शिजविलेल्या तिसऱ्यांत एखादी मिटलेलीच राहिली, तर ती सुरीने उचकटण्याच्या भरीस न पडता तशीच बाजूला सारावी.

शिनाण्यांचे दोरे आधीच उपटलेले असतात आणि रव्यात तळलेला शिनाणा कसा खावा हे कोणास सांगणे नलगे. बेल्जमकडे ते कवचासह वाढतात. तेथील लोक पहिले रिकामे जोडशिंपले चिमट्यासारखे धरून पुढचे गर उपटतात. युक्ती झकास आहे.

खरी परीक्षा कुर्लीची. डाव्या हाताने जेवू नये हा आपला दंडक येथे क्षणभर शिथिल होतो, कारण एका हाताने कुर्ली फुटत नाही. पाय सांध्याशी मोडावा, गर ओढून घ्यावा, आणि आत काही राहिले तर दुसऱ्या पायाच्या बारीक टोकाने कोरून काढावे. डेंगे दाढेखाली फोडण्याचा पुरुषार्थ करू नये. दात दुखावतो आणि ठिकरी समोरच्याच्या अंगावर उडते. फडक्यात गुंडाळून वरवंट्याचा हलका ठोका पुरेसा होतो. लिंबाची फोड घातलेले कोमट पाणी बोटांसाठी असते, ते पिण्यासाठी नव्हे! कुर्ली खाण्यास वेळ लागतोच. ज्याचे आधी आटोपले त्याने पानावरून उठू नये.

बाजारातही थोडा विवेक हवा. पोटाच्या रुंद झडपेखाली अंड्यांचा नारिंगी पुंजका बाळगणारी मादी घेऊ नये, आणि नखाएवढ्या तिसऱ्यांच्या वाट्याला हात लावू नये.

यजमानाने एक गोष्ट पाहुणा पाटावर बसण्यापूर्वीच विचारावी. कित्येकांना कवचाचे जलचर सोसत नाहीत. अंगावर गांधी उठतात, ओठ सुजतात, क्वचित श्वास कोंडून जिवावर बेतते. अशाने नको म्हटले तर ‘एक तरी घ्या, आमच्या हातचे’ हा आपला लाडका आग्रह करू नये. रश्श्याचा एक घोटही त्याला बाधू शकतो. त्याचे कालवण वेगळ्या भांड्यात करावे, आणि त्यातली पळी कुर्लीच्या भांड्यात बुडवू नये.