सही कोणाची?

ड्रेनेज खात्यात उभी नोकरी झाली, त्यामुळे परक्या शहरातही माझी नजर आधी चेंबरच्या झाकणांवर जाते. मुलीकडे सायप्रसला गेलो तेव्हा निकोसियातही तेच झालं.

या शहराचे दोन तुकडे आहेत. डिसेंबर १९६३ मध्ये रक्तपात झाला आणि एका ब्रिटिश जनरलने नकाशावर हिरव्या पेन्सिलीने रेघ ओढली. १९७४ मध्ये तुर्की सैन्य उतरलं, तेव्हा ती रेघ पक्की झाली. दक्षिणेत ग्रीक सायप्रियट, उत्तरेत तुर्की सायप्रियट आणि मधे संयुक्त राष्ट्रांच्या पहाऱ्यातला ओसाड पट्टा. लेड्रा रस्त्यावरची वाट २००८ मध्ये उघडली. तिथे काही पावलांत मी दोनदा पासपोर्ट दाखवला.

‘मग मैल्याचं काय केलंत?’ मुलीच्या ओळखीच्या एका निवृत्त इंजिनिअरांना मी विचारलं. ते हसले. हा प्रश्न त्यांना पर्यटक सहसा विचारत नसावेत.

फाळणीआधी आखलेली मलनिस्सारण योजना अर्ध्यावर अडकली होती. शुद्धीकरण केंद्राची जागा उत्तरेत गेली, बराचसा मैला दक्षिणेतला. दोन्हीकडचे महापौर, लेलोस डिमिट्रियादिस आणि मुस्तफा अकिंजी, मैल्यासाठी एकत्र बसले. पुढे १९७९ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या मदतीने अख्ख्या शहराचा एकच विकास आराखडा करायचं ठरलं. त्यात शहर दुभंगलेलं राहिलं तर काय आणि जोडलं गेलं तर काय, असे दोन्ही विचार होते.

मला खरी गंमत वाटली ती कागदपत्रांची. एकमेकांचं सरकार कोणालाच मान्य नव्हतं, म्हणून बोलणी झाली ती दोन समाजांचे प्रतिनिधी म्हणून. आमच्याकडे हद्दीच्या वादात फाइल वर्षानुवर्षं फिरते, कारण सही करणं म्हणजे दुसऱ्याची हद्द कबूल करणं. यांनी हुद्दाच बाजूला ठेवला आणि पाइप जोडले.

मात्र याच युक्तीची दुसरी बाजू त्या इंजिनिअरांनीच दाखवली. जुन्या वस्त्या दोन्हीकडे दुरुस्त झाल्या, २००७ मध्ये आगाखान वास्तुकला पुरस्कारही मिळाला, पण मधल्या पट्ट्यातली घरं ढासळतच राहिली. दोन्ही अर्धी शहरं नीट चालू लागली की तोडगा काढायची घाई कोणाला उरते?

तरीही त्या दोन महापौरांनी केलं ते बरोबरच होतं, असं मला वाटतं. तह होईपर्यंत मैला तुंबवून ठेवता येत नाही.