सात पौंडांची पेटी

लंडनच्या युस्टन मार्गावर, सेंट पँक्रास स्थानकाच्या शेजारी ब्रिटिश लायब्ररीची लाल विटांची इमारत उभी आहे. प्रांगणातील न्यूटनचा कांस्यपुतळा ओलांडून आत जाणारा प्रवासी प्रथम मॅग्ना कार्टा शोधतो, आणि ते योग्यच आहे. परंतु याच संग्रहात महोगनी लाकडाची एक लहानशी पेटी आहे. पेढीवरील गादीपुढचे उतरते मेज पाहत जो वाढला, त्याला ती ओळखीची वाटावी. कादंबरीकार जेन ऑस्टिनची ही प्रवासी लेखनपेटी.

तिच्या वडिलांनी डिसेंबर १७९४ मध्ये १२ शिलिंगांना अशी एक पेटी विकत घेतली होती. ती हीच, आणि जेनच्या एकोणिसाव्या वाढदिवसासाठीच, असे मानले जाते. पेटी उघडली की चामडे लावलेली उतरती फळी तयार होते. शाईसाठी काचेची दौत आणि कागदांसाठी लांब खण. मांडीवर घेतली की तेच मेज!

ऑक्टोबर १७९८ मध्ये ऑस्टिन कुटुंब केंटहून हॅम्पशायरला परतत असता डार्टफर्डच्या एका खाणावळीत उतरले. तेथे सामान लावताना घोटाळा झाला. जेनच्या पेट्या दुसऱ्याच घोडागाडीत चढल्या आणि ती गाडी ग्रेव्हसेंडच्या वाटेला लागली. तेथून त्या वेस्ट इंडीजला जाणार होत्या. लेखनपेटीत तिची सारी पुंजी होती: ७ पौंड. वीस शिलिंगांचा पौंड धरला तर पेटीच्या किमतीच्या अकरा पटींहून अधिक! शिवाय शेजाऱ्याकडे पोहोचवायचा एक परवानाही तीतच होता. स्वतःचे धन गेले तर सोसता येते. दुसऱ्याची ठेव हरवली तर तोंड कसे दाखवावे? तत्काळ एक घोडेस्वार पाठविण्यात आला. दोन-तीन मैलांवर गाडी सापडली आणि अर्ध्या तासात पेट्या परत आल्या. पुढे बहिणीला लिहिलेल्या पत्रात जेनने हा प्रसंग थट्टेने सांगितला आहे. त्या अर्ध्या तासात थट्टा सुचली असेल असे वाटत नाही.

व्हिक्टोरिया राणीच्या काळात अशा पेट्यांचा प्रसार फार वाढला. १८४० मध्ये एक पेनीत देशभर पत्र जाऊ लागले, आगगाडीचे जाळे पसरले, आणि प्रवासातही पत्रव्यवहार सुटेना. पेट्यांना पितळी कोपरे आले, हाताला अडू नयेत अशा खोलगट मुठी आल्या. काहींत फळीआड दडलेले, कळ दाबताच उघडणारे चोरखणही असत. शाई सांडू नये म्हणून दौतीला घट्ट बसणारे झाकण असे, कारण एक थेंब साऱ्या कागदांचा घात करी. टपालखात्यातील अधिकारी अँथनी ट्रॉलप यांनी तर शाईचा नादच सोडला. आगगाडीत मांडीवर छोटी पाटी घेऊन ते पेन्सिलीने कादंबरी लिहीत आणि घरी पत्नी तिची स्वच्छ प्रत करी. १८५७ मध्ये प्रसिद्ध झालेली ‘बार्चेस्टर टॉवर्स’ बरीचशी अशीच लिहिली गेली. शतकाच्या अखेरीस फाउंटन पेन खिशात आले आणि दौतीची गरज उरली नाही.

जेनची पेटी मात्र कुटुंबात पिढ्यानपिढ्या जपली गेली. वेस्ट इंडीजला जाता जाता वाचलेली ती पेटी वंशजांबरोबर अखेर अटलांटिक ओलांडून कॅनडात पोहोचलीच. १९९९ मध्ये त्यांनी ती ब्रिटिश लायब्ररीला भेट दिली. तीत तीन चष्मे होते. ते जेनचेच असावेत, असा समज आहे.