कमी फेसाचा शॅम्पू

शिकेकाई कुटली जात असेल त्या ओटीवर पाय ठेवायचा नाही, हे आमच्या पूर्णा गावातल्या पोरांना कुणी शिकवावं लागत नसे. पुडीचा कण नाकात गेला की शिंकांनी जीव हैराण व्हायचा. आजी तोंडाला पदर बांधून बसायची. उन्हात कडकडीत वाळवलेल्या शेंगा, त्यांच्या बिया काढून टाकलेल्या; सोबत रिठ्याची टरफलं, आवळकाठी, मूठभर मेथी. नागरमोथा नि गव्हलाकचोरा भिवंडीच्या बाजारातल्या काष्ठौषधीच्या दुकानातून यायचा. रविवारी ती पूड चुलीवर उकळायची, गाळायची आणि ‘डोले मीट, पोरी’ म्हणत आमच्या डोक्यावर ओतायची. डोळे मिटले तरी चुरचुरायचेच. जुन्या काळच्या केसांचं कौतुक करणाऱ्यांना ही चुरचुर आठवत नाही, म्हणून मुद्दाम सांगते.

पण त्या पाण्याने केस सुटे व्हायचे, हेही खरं. शिकेकाईत नि रिठ्यात सॅपोनिन असतं. त्याच्या रेणूचं एक टोक तेलाला धरतं, दुसरं पाण्याला; मळ सुटतो तो या ओढाताणीत. आजीला हे माहीत असायची गरज नव्हती. तिला एवढं पक्कं ठाऊक होतं की रिठा जास्त झाला तर केस झाडूसारखे होतात आणि उरलेलं पाणी दुसऱ्या दिवशी आंबतं. आज मी वजनकाट्यावर जे करते त्यातलं निम्मं या दोन वाक्यांत आहे.

मग साबणाची वडी आली. अंगाला तीच, डोक्यालाही तीच. बोअरिंगचं पाणी जड. त्यातल्या कॅल्शियम-मॅग्नेशियमशी साबणाची गाठ पडली की पांढरट राखाडी चोथा तयार होतो आणि केसांवर बसतो. साबणाच्या पाण्याचा पीएच 9 ते 10. टाळूचा साधारण 5.5, केसाचा त्याहूनही खाली. आम्लारीने केसावरची खवलं उचलली जातात, केस एकमेकांत अडकतात आणि फणी ओढताना आईच्या नि माझ्या तोंडून जे काही निघायचं ते लेखात लिहिण्यासारखं नाही. शेवटच्या तांब्यात लिंबू पिळायची रीत याच त्रासातून आली असणार.

पुडीतल्या शॅम्पूने हा त्रास एका झटक्यात संपवला. तमिळनाडूत कडलूरच्या चिन्नीकृष्णन यांनी शॅम्पू छोट्या पुडीत भरून विकायला सुरुवात केली. पुढे त्यांचे चिरंजीव सी. के. रंगनाथन यांनी 1983 साली ‘चिक’ची कंपनी काढली. बाटली परवडत नव्हती, पुडी परवडली. गावातल्या किराणा दुकानात पुड्यांच्या माळा लटकू लागल्या. दातांनी कोपरा फाडायचा आणि डोक्यावर फेसाचा डोंगर! परदेशात कृत्रिम डिटर्जंटचे शॅम्पू 1930 च्या दशकातच आले होते, ते आमच्या मोरीत पोचायला अर्धं शतक गेलं. जड पाण्यातही चोथा नाही, लिंबू नको, चुरचुर कमी. तो आनंद खरा होता. आता सल्फेटला नावं ठेवायची फॅशन आहे, म्हणून तो आनंद खोटा ठरवायला मी तयार नाही.

दरम्यान गाव बदलत गेलं. काल्हेर, पूर्णा, राहनाळ, वळ, दापोडे... भातशेतीच्या बांधांवर पत्र्याची गोदामं उभी राहिली. मुंबईच्या जकातीच्या बाहेर आणि मुंबईला चिकटून, अशी आमची जागा. माल इथे उतरायचा आणि लागेल तसा आत जायचा. जकात 2017 साली गेली, गोदामं राहिली. कापड, औषधं, फ्रीज, आणि रसायनंही. रिकामे निळे ड्रम आमच्याकडे घरोघरी पाणी साठवायला असतात. असाच एक ड्रम आमच्या अंगणात धुवायला घेतला होता. पाणी घातलं, फेस आला. ओतलं, पुन्हा घातलं, पुन्हा फेस. तळाशी दुधी, अर्धपारदर्शक, जेलीसारखं काहीतरी चिकटलेलं होतं. पाणी घालावं तसं ते पातळ व्हायच्याऐवजी आणखी घट्ट होत होतं. बी. एस्सी.ला रसायनशास्त्र शिकलेली असल्याने मी ड्रमवरचं लेबल वाचलं: सोडियम लॉरेथ सल्फेट, 70 टक्के. पुडीतल्या डोंगराचा उगम आमच्या तुळशीवृंदावनाशेजारी उभा होता. आई म्हणाली, ‘यानं डोकं धुतो आपन?’

तिचा प्रश्न पुढे खराच झाला. वय झालं तशी तिची टाळू कोरडी पडली, न्हाल्यावर खाज सुटायची, कानामागे लाल चट्टे. त्वचेच्या डॉक्टरांनी सौम्य, बिनसल्फेटचा शॅम्पू सांगितला. दुकानातल्या बाटलीची किंमत ऐकून तिने तो विषयच बंद केला. मग मी मागचं लेबल वाचायला लागले आणि लक्षात आलं की ‘सल्फेट फ्री’ हे शब्द सौम्यपणाची हमी देत नाहीत. सल्फेटच्या जागी ओलेफिन सल्फोनेट घातलं की लेबल खरं ठरतं. टाळूला मात्र फारसा फरक पडत नाही.

घरी करायचं ठरलं ते असं. 100 ग्रॅम शॅम्पूसाठी 12 ग्रॅम डेसिल ग्लुकोसाइड, 16 ग्रॅम कोकामिडोप्रोपिल बीटेन, 3 ग्रॅम ग्लिसरीन, 1 ग्रॅम झँथन गम, 1 ग्रॅम फिनॉक्सिइथेनॉलवालं प्रिझर्व्हेटिव्ह. बाकी डिस्टिल्ड वॉटर. नावं भीतीदायक, पण ग्लुकोसाइड साखर नि वनस्पतीतेलापासून बनतं आणि बीटेन खोबरेल तेलापासून. आता हिशेब. ग्लुकोसाइड बाटलीत साधारण 50 टक्केच असतं, म्हणजे 12 ग्रॅममध्ये 6. बीटेन 30 टक्के, म्हणजे 4.8. मळ काढणारा खरा ऐवज जेमतेम 11 टक्के. हा हिशेब न करता ‘दोन चमचे हे, तीन चमचे ते’ करणाऱ्यांचा शॅम्पू एकदा पाणी होतो, एकदा आजीच्या जास्त रिठ्यासारखा.

झँथन गम थेट पाण्यात टाकला तर गुठळ्या होतात, त्या दिवसभर घोटल्या तरी मोडत नाहीत. तो आधी ग्लिसरीनमध्ये कालवायचा, मग पाण्यात धार धरायची. ग्लुकोसाइड नि बीटेन हळूहळू, चमचा गोल फिरवत. रवी लावली तर फेसच हाती येतो. ग्लुकोसाइड मुळात चांगलंच आम्लारीधर्मी असतं, 11 च्या वर पीएच. म्हणून हातमोजे हवेत आणि म्हणूनच शेवटचं काम सगळ्यात महत्त्वाचं. सायट्रिक आम्लाचं पाणी थेंबाथेंबाने घालायचं आणि पीएचची पट्टी बुडवत राहायचं. पट्टी निळ्याहिरव्यावरून पिवळसर हिरव्यावर येते, डबीवरच्या 5.5 च्या चौकोनाशी रंग जुळतो, तिथे हात थांबवायचा. प्रिझर्व्हेटिव्ह त्याआधी घातलेलं असावं, कारण त्यानेही पीएच थोडा हलतो.

आईने पहिल्यांदा लावला आणि म्हणाली, ‘फेस कुठंय?’ अशा सौम्य शॅम्पूला फेस कमीच. तेल चोपडलेल्या केसांना तर पहिल्या हाताला येतच नाही; दुसऱ्यांदा थोडा लावावा लागतो. फेसाचा आणि स्वच्छतेचा संबंध आपण समजतो तेवढा नाही, हे तिला पटवण्यात माझी रसायनशास्त्राची पदवी कामी आली नाही. कानामागचे चट्टे गेले, तेव्हा तिने आपोआप मान्य केलं.

माझा भाऊ मात्र जुन्या पुडीवरच आहे आणि मी त्याला अडवत नाही. तो यंत्रमागावर असतो. कापसाचं तूस, मागाचं तेल, घाम, हे सगळं मिळून संध्याकाळी त्याच्या डोक्यावर जी टोपी तयार होते, ती माझ्या ग्लुकोसाइडच्या आवाक्यातली नाही. सल्फेट त्याच्यासाठी बरोबर आहे. सौम्य हवं की कडक, हे डोकं पाहून ठरवावं, जाहिरात पाहून नव्हे.

शेजारणी विकत मागतात. देत नाही. सौंदर्यप्रसाधन विकण्यासाठी बनवायचं तर कायद्याने परवाना लागतो, आणि तो असायलाच हवा; 2020 च्या नियमांमध्ये ते स्पष्ट आहे. शिकवायला मात्र मी केव्हाही तयार आहे.

तुम्ही करणार असाल तर पहिला घाणा 100 ग्रॅमचाच करा आणि कोपराच्या आतल्या बाजूला लावून एक दिवस वाट पाहा. कोरफडीचा ताजा गर, दही, अंडं, जास्वंदीचा काढा यातलं काहीही बाटलीत घालू नका. लावायचंच तर न्हाण्याआधी वेगळं लावा. आणि ‘केमिकल नको’ म्हणून प्रिझर्व्हेटिव्ह गाळू नका. ते गाळायचंच असेल तर सरळ शिकेकाई उकळा, त्याच दिवशी संपवा आणि डोळे घट्ट मिटा.