सजवलेली मेणबत्ती पेटवायचीच

प्रिय चिऊ,

नाताळच्या सुट्टीत बुलढाण्याला आलीस की तुला मेणबत्त्या सजवायच्या आहेत, असं दादा फोनवर म्हणाला. खूप बरं वाटलं. माझी अट एकच आहे. सजवलेली मेणबत्ती शोकेसमध्ये धूळ खात ठेवायची नाही, ती पेटवायची. आणि पेटवायची म्हटलं की सजावटही जळण्याचा विचार करूनच करावी लागते.

लंडनमध्ये मायकेल फॅरेडे नावाच्या शास्त्रज्ञाने 1860च्या नाताळात मुलांसाठी फक्त मेणबत्तीवर सहा व्याख्यानं दिली होती. घट्ट मेण तसं पेटत नाही. ते वितळतं, वातीतून वर चढतं, त्याची वाफ होते आणि ती वाफ जळते. मेणबत्ती फुंकून लगेच त्या पांढऱ्या धुरात जळती काडी धर, ज्योत धुरावरून उडी मारून वातीवर येते. आपण करून बघूच.

आता वाळलेली पाकळी ज्योतीजवळ गेली तर काय होईल? तीही मेण पिईल आणि दुसरी वात होऊन पेटेल. म्हणून किराणा दुकानातली बारीक मेणबत्ती लाइट गेल्यावरच्या कामाची, सजावटीला नाही. सात-आठ सेंटिमीटर रुंद, जाड घ्यायची. तिचं मेण मधोमध वितळतं, कड उभी राहते, लोणारच्या सरोवरासारखी. फुलं त्या कडेच्या बाहेरच्या अंगाला लावायची. आतून उजेड आला की पाकळीची शीर न् शीर दिसते. वात पार खाली गेली की मात्र विझवायची, आणि पेटलेली असेपर्यंत तिला एकटं सोडायचं नाही.

शेवंतीच्या सुट्या पाकळ्या, आपट्याची पानं, शेतात तुरीला उरलेली पिवळी फुलं चालतील. चमकी आणि कागद नको. चमच्याची पाठ गरम करून पाकळीवरून हलकेच फिरवली की ती चिकटते. मग वात सांडशीत धरून मेणबत्ती वितळलेल्या मेणात क्षणभर बुडवून काढायची. मेण थेट गॅसवर ठेवायचं नाही, फार तापलं तर पेट घेतं. पातेल्यात पाणी, पाण्यात मेणाचा डबा. हे काम माझ्याकडे.

तुला फुलांपेक्षा नक्षी आवडेल असं मला वाटतं. आजीचा खामगावहून घेतलेला चांदीचा करंडा काढून ठेवलाय. त्यावरची वेल बघून दाभणाने मेणावर कोर. पोस्टर कलरमध्ये भांडी घासायच्या साबणाचा थेंब टाकला की रंग मेणावर धरतो. तो रेषांत भरायचा आणि वरचा ओल्या कापडाने पुसायचा, रेघ तेवढी रंगीत राहते. घाई केलीस तर मेणाचे टवके उडतात, म्हणून रेघ एकदम खोल नको, दोन-तीनदा हलकी ओढ. यातली एक 12 जानेवारीला जिजाऊ जयंतीसाठी घरी घेऊन जा.

पाकळ्या मात्र आजच जुन्या वहीत दाबून ठेव, वर जड पुस्तकं रच. सुकायला आठवडाभर लागतो. मेण आणि दाभण मी आणते.

तुझी,
आत्या