महागाव : पहिलं माप कमीच!

वीकेंडला 'कुठंतरी' जायचं ठरलं की पुण्या-मुंबईच्या गाड्या लोणावळ्याकडे वळतात आणि नागपूरच्या ताडोब्याकडे. यवतमाळ जिल्ह्यातलं महागाव या यादीत कुणाच्याच नसतं. रिसॉर्ट नाही, सनसेट पॉइंट नाही, मोबाइलवर फोटो टाकून मित्रांना जळवावं असं काही नाही. तालुक्याचं गाव, बसस्टँड, कृषी केंद्रांच्या पाट्या, चहाच्या टपऱ्या आणि चारी बाजूंना काळी जमीन. तरीही जा. कारण एक प्रश्न या तालुक्याइतका स्वच्छ दुसरीकडे क्वचितच दिसतो. कुठलीही धोक्याची गोष्ट पहिल्यांदा करताना माप किती घ्यायचं?

नागपूरहून वर्धा, यवतमाळ करत निघालात तर महामार्ग नंबर ३६१ तुम्हाला थेट इथे आणून सोडतो. हाच रस्ता पुढे उमरखेड, नांदेड, लातूर करत तुळजापूरला जातो. वाटेत आर्णी लागतं, बाबा कंबलपोष यांच्या दर्ग्याचं गाव. आर्णी सुटलं की रस्त्याच्या दोन्ही बाजूंना कपाशी, सोयाबीन, तूर. मधूनच बंजारा तांडे. पश्चिमेला पुसद आहे, म्हणजे वसंतराव नाईक आणि सुधाकरराव नाईक या दोन मुख्यमंत्र्यांचा मुलूख. दक्षिणेला पैनगंगा. नदीच्या अलीकडे विदर्भ, पलीकडे मराठवाडा. त्यामुळे भाषेलाही दोन्हीकडची चव आहे आणि ठेच्यालाही!

रात्रीची जागल

दिवसा शांत दिसणारी ही शेतं रात्री जागी असतात. पीक हाताशी आलं की रानडुकरं आणि रोही शेतात शिरतात. रोही म्हणजे आपण पुस्तकात वाचतो ती नीलगाय. डुकरांचा एक कळप एका रात्रीत जे करतो, ते बघून वर्षभराचं गणित कोलमडतं. म्हणून शेतकरी मचाणावर जागलीला जातो. सोबत टॉर्च, वाजवायला डबा, कधी फटाके. काहीजण कुंपणात करंट सोडतात. तो बेकायदा आहे, आणि त्यात जनावरांबरोबर माणसंही मरतात.

काही ठिकाणी आणखी एक साधन असतं, परवान्याची ठासणीची बंदूक. शस्त्र कायदा १९५९ चा आहे. त्याच्या कलम १३ मध्ये पीकसंरक्षणासाठी तोंडाकडून भरायच्या बंदुकीचा परवाना देण्याची वेगळी सोय केलेली आहे. आपण सिनेमात जी पिस्तुलं बघतो, त्यात तयार काडतूस असतं. कंपनीने मोजलेलं, सीलबंद. ठासणीच्या बंदुकीत तसं काही नाही. प्रत्येक बार माणूस स्वतःच्या हाताने भरतो. आधी नळीत काळी दारू, मग गोळी, मग गजाने ठासणं. म्हणजे प्रत्येक वेळी तो स्वतःच कारखाना असतो आणि स्वतःच क्वालिटी कंट्रोल!

इथेच माप येतं. काळी दारू वजनावर नाही, ठरलेल्या मापाच्या नळकांड्याने मोजतात. गोळी दारूला चिकटून बसेपर्यंत ठासावी लागते. मध्ये पोकळी राहिली तर दाब भलतीकडे जातो आणि नळी फुटू शकते. आणि आजच्या काडतुसातली बिनधुराची दारू या बंदुकीत चुकूनही घालायची नाही. दिसायला दोन्ही पूडच. पण बिनधुराची दारू जो दाब तयार करते, तो ही नळी सोसूच शकत नाही. ती हातातच फुटते.

पिस्तूलवाल्यांचा नियम

हाच प्रश्न अमेरिकेत वेगळ्या रूपात भेटतो. तिथे हजारो हौशी नेमबाज पिस्तुलाच्या रिकाम्या पुंगळ्या गोळा करून घरच्या टेबलावर पुन्हा भरतात. खर्च वाचतो आणि नेम सुधारतो. आपल्याकडे हा छंद करायचा विचारही करू नका. परवान्याशिवाय काडतुसं बनवणं हा शस्त्र कायद्याखाली गुन्हा आहे, आणि २०१९ च्या दुरुस्तीनंतर त्याची शिक्षा आणखी कडक झाली आहे. पण त्या टेबलावर जो नियम पाळतात तो मात्र जगात कुठेही उपयोगी पडेल असा आहे.

आधी आकडे बघा. दारूचं वजन 'ग्रेन'मध्ये मोजतात. एक ग्रॅम म्हणजे साधारण साडेपंधरा ग्रेन. नऊ मिलिमीटरच्या पिस्तुलाच्या एका काडतुसात बहुतेकदा चार ते सहा ग्रेन दारू असते, म्हणजे अर्ध्या ग्रॅमपेक्षाही कमी. चहात घालतो त्या साखरेच्या चिमटीएवढी! एवढ्याशा पुडीतून जो दाब तयार होतो, त्याची अमेरिकन उद्योगाने ठरवलेली कमाल मर्यादा आहे ३५,००० पीएसआय. तुमच्या कारच्या टायरमध्ये हवा असते ३२ पीएसआयच्या आसपास. म्हणजे हजार टायरांचा दाब, आणि तोही तुमच्या तळहातापासून दोन इंचांवर.

म्हणून पहिला नियम असा, की अंदाजाने सुरुवात करायची नाही. दारू बनवणाऱ्या कंपन्या छापील तक्ते देतात. त्या दारूला, त्या वजनाच्या गोळीला, त्या काडतुसाला सुरुवातीचं माप किती आणि कमाल किती, हे त्यात असतं. सुरुवात नेहमी खालच्या आकड्यापासून. तक्त्यात फक्त कमाल आकडा असेल तर त्यातून किमान दहा टक्के कमी करून. मग बारीक पायऱ्यांनी वर जायचं, प्रत्येक पायरीला थोडीच काडतुसं झाडून पुंगळ्या तपासायच्या. पण पिस्तुलात गंमत अशी, की दाब जास्त झाल्याच्या खुणा कधी उशिरा दिसतात, कधी दिसतच नाहीत. त्यामुळे डोळ्यांपेक्षा तक्त्यावर विश्वास जास्त ठेवायचा.

दुसरा नियम, काहीही बदललं की पुन्हा पहिल्या पायरीवर. दारू बदलली, गोळी बदलली, गोळी पुंगळीत थोडी जास्त खोल बसवली, तरी जुना आकडा रद्द. गोळी खोल गेली की आतली जागा कमी होते आणि दाब वाढतो. दारू तीच राहून!

तिसरा नियम टेबलाचा. टेबलावर एका वेळी एकच दारूचा डबा. वजन काट्यावर, आणि काटाही माहीत असलेल्या वजनाने तपासलेला. शिवाय प्रत्येक पुंगळीत टॉर्च मारून बघायचं. कारण बऱ्याच दारू इतक्या कमी जागेत मावतात, की एकाच पुंगळीत चुकून दोन मापं पडली तरी ती बाहेर सांडत नाहीत. मोबाइल वाजला, लक्ष गेलं, आणि एक बॉम्ब तयार.

चौथा नियम सगळ्यात कमी लोकांना सुचतो. कमी म्हणजे कितीही कमी नव्हे. तक्त्यातल्या सुरुवातीच्या मापाखाली गेलात तर गोळी नळीतच अडकू शकते. आवाज फुसका येतो, नेमबाजाला वाटतं बार फुकट गेला, आणि तो पुढचा झाडतो. पुढच्या गोळीला वाट नसते. म्हणून फुसका आवाज आला की तिथेच थांबायचं, बंदूक रिकामी करायची आणि नळीतून आरपार उजेड दिसतो का ते बघायचं.

हे सगळं आपल्याकडे घरात नाही, कारखान्यात होतं. खडकीची दारूगोळा फॅक्टरी १८६९ पासून आहे. जळगाव जिल्ह्यात वरणगावला आणखी एक आहे. इतक्या जुन्या शिस्तीच्या या क्षेत्रातही धोका संपत नाही. २४ जानेवारी २०२५ ला भंडाऱ्याच्या आयुध निर्माणीत झालेल्या स्फोटात कामगारांचे जीव गेले, हे विदर्भ विसरलेला नाही.

पंपाला किती टोपणं?

महागावच्या कृषी केंद्रात उभे राहा. तुमच्या कानावर पडणारा प्रश्न असेल, 'पंपाला किती टोपणं टाकू?' टोपण म्हणजे बाटलीचं झाकण. तेच माप, तोच काटा, तोच तक्ता.

२०१७ च्या पावसाळ्यात यवतमाळ जिल्ह्यात फवारणी करताना विषबाधा होऊन २० हून अधिक शेतकरी आणि शेतमजूर दगावले. शेकडो लोक दवाखान्यात भरती झाले. त्या वर्षी कपाशी माणसाच्या उंचीला आली होती, त्यामुळे फवारा खाली पडण्याऐवजी तोंडावर, छातीवर येत होता. हवा दमट होती. हातात जास्त जोराने फवारणारे बॅटरीचे आणि पॉवरचे पंप आले होते. एका औषधाने कीड मरत नाही म्हणून दोन-तीन औषधं एकत्र केली जात होती. आणि फवारणाऱ्याच्या अंगावर बहुतेकदा साधा शर्ट.

पिस्तूलवाल्यांचे नियम इथे लावून बघा. पंप बदलला, पिकाची उंची बदलली, औषध बदललं. प्रत्येक बदलानंतर पुन्हा पहिल्या पायरीवर जायला हवं होतं. पण ते सांगणार कोण? तक्ता होता. तो बाटलीवर मुंगीएवढ्या अक्षरात छापलेला होता. बाटलीवरचा रंगीत त्रिकोण लाल म्हणजे सगळ्यात जहाल, मग पिवळा, मग निळा, आणि हिरवा त्यातल्या त्यात सौम्य. हा साधा कोड तरी किती जणांना कुणी समजावून सांगितला होता? मजुरी घेऊन दुसऱ्याच्या शेतात फवारणाऱ्याच्या हातात तर बाटलीही येत नाही. त्याच्या पाठीवर थेट भरलेला पंप चढतो.

इथेही चौथा नियम आहेच. मात्रा फारच कमी पडली तर कीड जगते, पुढच्या पिढ्या त्या औषधाला दाद देत नाहीत, आणि शेतकरी पुढच्या वेळी दुप्पट टाकतो. अडकलेल्या गोळीवर दुसरी गोळी!

फुलसावंगीचं हेलिकॉप्टर

याच तालुक्यात फुलसावंगी आहे. ऑगस्ट २०२१ मध्ये हे नाव देशभरच्या बातम्यांत आलं. गावातला २४ वर्षांचा एक तरुण, शाळा आठवीत सुटलेली, वेल्डिंगची कामं करायचा. यूट्यूब बघत त्याने एका माणसाला बसता येईल असं हेलिकॉप्टर बांधायला घेतलं होतं. इंजिन मारुती ८०० चं. बाकी सगळं स्वतःच्या हाताने कापलेलं, जोडलेलं. १५ ऑगस्टला ते लोकांसमोर आणायचं त्याच्या मनात होतं. त्याआधीच रात्री चाचणी घेताना शेपटीकडचा पंखा तुटून वरच्या मोठ्या पंख्यावर आदळला, आणि तो पंखा त्याच्या डोक्याला लागला. त्यात तो गेला.

तेव्हा बऱ्याच लोकांनी त्याला 'थ्री इडियट्स'मधल्या पात्रांच्या ओळीत बसवलं, काहींनी वेडा ठरवलं. दोन्ही सोपं आहे. पण त्या टेबलावरच्या नेमबाजाकडे आणि या वेल्डरकडे जरा शेजारी शेजारी बघा. दोघेही स्वतःच्या हाताने असं काही बनवतायत की जे चुकलं तर जीव घेईल. दोघांकडेही हात आहे, चिकाटी आहे. नेमबाजाकडे एक जास्तीची गोष्ट आहे, ती म्हणजे तक्ता. त्याच्या आधी कुणीतरी नळ्या फोडून बघितल्या, दाब मोजले, आकडे छापले. त्याला फक्त खालच्या आकड्यापासून सुरू करायचंय. फुलसावंगीच्या मुलाला असा आकडा देणारं जवळ कुणी नव्हतं. किती वेगाने फिरवून थांबायचं, पातं आधी वेगळं कसं तपासायचं, पंख्याच्या फिरण्याच्या रेषेत कुणी उभं राहायचं नाही, इंजिनाचा वेग दुरून दोरीने कसा वाढवायचा, हे विमानाच्या कारखान्यात रोजचं काम असतं. यूट्यूब पंखा कसा बांधायचा ते दाखवतं. कुठे थांबायचं ते क्वचितच.

म्हणून हुशार पोरांना 'धाडस करू नका' म्हणून गप्प बसवण्यात काही अर्थ नाही. तालुक्याच्या आयटीआयमध्ये, पॉलिटेक्निकमध्ये त्यांना विचारता येईल असा एखादा माणूस आणि चाचणीला एक सुरक्षित कोपरा हवा. जागलीच्या बंदुकीला कायद्याने परवाना दिला, फवारणीच्या बाटलीला त्रिकोण दिला. गावातल्या वर्कशॉपला मात्र अजून काहीच नाही.

आपण शहरातले लोक तरी वेगळं काय करतो? जिममध्ये पहिल्याच आठवड्यात शेजाऱ्याएवढं वजन उचलतो, पहिल्या पगारात झेपणार नाही एवढा ईएमआय घेतो. आपल्याला दुसरी संधी मिळते, एवढाच काय तो फरक. या तालुक्यातल्या मापांना बहुतेकदा दुसरी संधी नसते.

जायचं कसं, बघायचं काय?

दिवाळीनंतर जा. रस्ते कोरडे असतात आणि कपाशी फुटलेली असते. काळ्या रानावर पांढरा कापूस बघणं हा या भागातला खरा 'पॉइंट' आहे. नागपूर किंवा नांदेड, दोन्हीकडून महामार्ग आहे. महागाव बघून पैनगंगेपलीकडे माहूरला रेणुकामातेचं दर्शन घेता येतं. पाऊस चांगला झालेला असेल तर सहस्रकुंडचा धबधबाही वाट वाकडी करण्यासारखा आहे. भाकरी, भरीत आणि ठेचा मिळेल तिथे खाऊन घ्या. ठेच्याचं पहिलं माप कमीच घ्या!

संध्याकाळनंतर शेतांच्या आडवाटांना शिरू नका, कुंपणाला हात लावू नका. फवारणी चाललेल्या शेतात फोटोसाठी उतरू नका. आणि फुलसावंगीला थांबलात तर 'ते हेलिकॉप्टर कुठंय?' असं विचारत फिरू नका. एखाद्या वेल्डरच्या दुकानासमोर चहा प्या, त्याचं काम बघा, आवडलं तर तसं सांगा.