माळावरचं देवक

मोरगावच्या गणपतीपासून सुप्याकडं निघालं की हळूहळू ऊस मागं पडतो आणि जमीन आपलं अंग उघडं करत जाते. मुरमाड उतार, मध्येच एखादी हिवर, खुरट्या बाभळी, आणि बाकी सगळं गवत. सह्याद्रीनं ढग अडवून घेतल्यावर उरलेला, वर्षाकाठी जेमतेम 500 मिलिमीटर पाऊस इथं पोचतो. तेवढ्यावर पवना, मारवेल, कुसळी ही गवतं सुखानं नांदतात. श्रावणात हिरवा असलेला माळ दसऱ्याला तांबूस होतो, संक्रांतीपर्यंत फिकट सोनेरी. होळीनंतर त्याला रंगच उरत नाही, नुसता उजेड उरतो.

सरकारी दप्तरात असल्या कित्येक माळांची नोंद पडीक जमीन अशी आहे. झाडं नाहीत, पीक नाही, म्हणजे काहीच नाही. मग कुणी तिथं ग्लिरिसिडियाच्या रोपांच्या रांगा लावतं, कुणी चर खणतं, कुणी प्लॉट पाडतं. गवताच्या बुडाशी चंडोलाचं घरटं असतं, धाविकाची अंडी मुरमात मुरमासारखीच होऊन पडलेली असतात, ओघळीच्या कडेला खोकडाचं बीळ असतं. यांतलं काहीही मोजलं जात नाही. माझा या माळावर जीव जडला त्याचं एक कारण हे आहे. माझीही नोंद लहानपणापासून नसलेल्या गोष्टींनीच होत आली: बोलत नाही, बघत नाही, मिसळत नाही.

मी ऑटिस्टिक आहे. तिशी उलटल्यावर हे निदान झालं. पुण्यात भर चौकात उभी असले की हॉर्न, ब्रेक, कंडक्टरची शिट्टी, शेजारच्या बाईंचं फोनवरचं बोलणं असं सगळं एकाच जोरानं माझ्या आत शिरतं. त्यात कुणी काही विचारलं तर उत्तर तयार असूनही ते जिभेपर्यंत येत नाही. माळावर प्रत्येक आवाजाला स्वतःची जागा असते. टिटवी तिकडं ओढ्यावर, वारा गवताच्या शेंड्यांत, मेंढराच्या गळ्यातली घंटी टेकाडापलीकडं. मधलं अंतर मोकळं असतं. त्या मोकळ्या अंतरात मला श्वास घेता येतो आणि एखादा विचार शेवटापर्यंत नेता येतो. हाताची बोटं हलत राहतात, अंग पुढं-मागं डुलत राहतं, आणि गवत तेच करत असल्यामुळं ते कुणाच्या डोळ्यांवर येत नाही.

इथं लांडगे आहेत.

लांडगा माळाच्याच रंगाचा. बसलेला असतो तोवर दिसत नाही. उठून चार पावलं टाकली की गवताचाच एक तुकडा चालायला लागला असं वाटतं. सुप्याजवळच्या मयूरेश्वर अभयारण्याचं क्षेत्र सव्वापाच चौरस किलोमीटरच्याही आत आहे, आणि लांडग्यांच्या एका कुटुंबाला त्याच्या कित्येक पट मुलूख लागतो. म्हणजे त्यांचं आयुष्य अभयारण्याच्या बाहेरच जातं: गायरानांत, बांधांवर, कोंबड्यांच्या शेडांमागं. एक जोडी, तिची गेल्या वर्षीची एखाद-दोन तरणी पिल्लं आणि हिवाळ्यात जन्मलेली नवी पिल्लं, एवढाच आपल्याकडचा कळप. शिकारीहून परतलेला लांडगा पोटातलं अन्न ओकून पिल्लांना भरवतो. आई भरवते, बाप भरवतो, गेल्या वर्षीची भावंडंही भरवतात. हे मी लांबून, दुर्बिणीतून पाहते. बिळाच्या जवळ जायचं नाही, हा माझा नेम आहे. माणसाची चाहूल लागली तर मादी एकेक पिल्लू तोंडात धरून दुसरीकडं हलवते.

त्यांची भेटण्याची रीत मला कुणी समजावून सांगावी लागली नाही. ते बाजूनं येतात. कान मागं, मान जराशी खाली, नाक दुसऱ्याच्या तोंडाच्या कडेला. समोरून डोळ्यांत डोळे रोखणं ही त्यांच्यात धमकी असते. लहानपणी हनुवटी धरून माझा चेहरा वळवायचे आणि 'इकडं बघ' म्हणायचे, तेव्हा पोटात जो गोळा उठायचा, त्याचा अर्थ मला या उतारावर बसून कळला. मी उद्धट नव्हते, घाबरत होते. ज्या प्राण्याला माणसानं क्रूरपणाचं दुसरं नाव करून ठेवलं, त्याच्या घरी मात्र नजर बाजूला ठेवणं हा सभ्यपणा होता.

त्यांची साद बहुधा झुंजुमुंजू व्हायच्या आधी येते. कोल्हेकुईसारखी ती तुटक नसते. एक आवाज उठतो, पाचेक सेकंद टिकतो, थोडा खाली उतरतो. मग पलीकडून दुसरा. महाराष्ट्रातल्याच लांडग्यांचे आवाज नोंदवून अभ्यासकांनी दाखवून दिलं आहे की सादेवरून लांडगा न् लांडगा वेगळा ओळखता येतो. जे कान मला शहरात छळतात, तेच इथं माझ्या उपयोगी पडतात. मादीचा आवाज कुठला आणि गेल्या वर्षीच्या नराचा कुठला, हे मला कळतं.

लांडग्यांबद्दल जगानं बरीच वर्षं एक गोष्ट चुकीची धरून ठेवली होती. रुडॉल्फ शेंकेल यांनी 1947 साली बाझलच्या प्राणिसंग्रहालयातल्या लांडग्यांवर लिहिलं. वेगवेगळ्या घरचे लांडगे एका कुंपणात कोंडलेले. ते झगडत, एकमेकांना दाबत. त्यातून कळपाचा दांडगा म्होरक्या ही कल्पना निघाली. डेव्हिड मीच यांच्या 1970 सालच्या पुस्तकानं ती घरोघरी नेली. पुढं 1986 पासून मीच कॅनडाच्या उत्तर टोकाला, एल्समिअर बेटावर, उन्हाळ्यामागून उन्हाळे मोकळ्या लांडग्यांशेजारी राहिले, आणि त्यांना म्होरक्या सापडलाच नाही, सापडले आईबाप. 1999 साली त्यांनी तसं स्पष्ट लिहिलं, आणि आपलंच गाजलेलं पुस्तक छापणं थांबवा असा आग्रह प्रकाशकाकडं धरला. या माणसाबद्दल मला फार आदर वाटतो. चूक कबूल करणारे असतात. चुकीच्या मागं धावून तिला थांबवू पाहणारे थोडे.

आमच्याबद्दलचं, म्हणजे ऑटिस्टिक माणसांबद्दलचं, ज्ञानही असंच गोळा झालं. लिओ कॅनर यांनी 1943 साली 11 मुलांवर निबंध लिहिला. बारकाईनं पाहणारा माणूस होता तो. पण ती मुलं पाहिली गेली ती त्यांच्यासारखं कुणीच आसपास नसताना, परक्यांच्या प्रश्नांसमोर. अशा ठिकाणी जे दिसलं, तो आमचा स्वभाव ठरला. 2012 साली डेमियन मिल्टन या समाजशास्त्रज्ञानं, जो स्वतः ऑटिस्टिक आहे, प्रश्न फिरवून मांडला: न समजणं दोन्ही बाजूंनी आहे, मग दोष एकाच बाजूच्या नावावर का? 2020 मध्ये एडिंबरात कॅथरीन क्रॉम्प्टन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी आठ-आठ जणांच्या साखळीतून एक गोष्ट कानोकान पुढं पाठवून पाहिली. सगळे ऑटिस्टिक असलेल्या साखळीत ती इतरांइतकीच नीट पोचली. गळती झाली ती मिसळलेल्या साखळीत.

हे मला नवं नव्हतं, कारण त्याहून जुना पुरावा मी वाचलेला होता. एकोणिसाव्या शतकात आग्र्याजवळ सिकंदऱ्याच्या मिशन अनाथालयात दिना सनीचर नावाचा मुलगा होता. बुलंदशहराकडं शिकाऱ्यांना तो लांडग्याच्या गुहेत सापडला असं सांगत. तो कधी बोलला नाही, आणि 1895 मध्ये वारला. व्हॅलेंटाइन बॉल यांच्या 'जंगल लाइफ इन इंडिया' या 1880 सालच्या पुस्तकात त्या अनाथालयाची हकिकत आहे. तिथं तसाच आणखी एक मुलगा आणला गेला. दोघांचं विलक्षण सूत जुळलं. धाकट्याला पेल्यानं पाणी प्यायला शिकवलं ते थोरल्यानं. एवढी एकच ओळ, आणि मी ती कितीतरी वेळा वाचली आहे. पाद्र्यांना जे जमत नव्हतं ते त्या मुक्या पोरानं केलं.

मिदनापूरच्या अमला-कमलाची गोष्ट जास्त प्रसिद्ध आहे. 1920 साली रेव्हरंड सिंग यांनी त्या लांडग्यांच्या बिळातून आणल्याचं लिहिलं. अमला वर्षभरात गेली, कमला 1929 मध्ये. ती हकिकत बनावट होती असं आता बरेच जण मानतात. ब्रुनो बेटलहाइम यांनी 1959 साली मांडलं की अशी मुलं लांडग्यांनी वाढवलेली नव्हतीच, ती ऑटिस्टिक होती. इथवर मी त्यांच्याबरोबर जाते. पण मुलं रानटी नव्हती म्हणताना त्यांनी रानटीपणा त्यांच्या आयांच्या माथी मारला, आणि पुढं जगभरच्या कितीतरी आयांनी तो डाग विनाकारण सोसला. माझी आई त्यांतली एक. तिला इंग्रजी येत नाही, बेटलहाइम हे नाव तिनं ऐकलेलं नाही, तरी 'आईनं जवळ घेतलं नसेल' हे वाक्य आमच्या बैठकीच्या खोलीपर्यंत पोचलं होतं.

या सगळ्या गोष्टींत मला एक दिसतं. मूल बोललं नाही, वेगळं चाललं, की माणसांना ते आपलं वाटेना. आणि मग त्याला कुणी सांभाळलं असेल याचा विचार करताना त्यांना लांडगीण सुचली. सिंग यांच्या हकिकतीत ती बिळाच्या तोंडाशी आडवी उभी राहते आणि बाणांनी मारली जाते. गोष्ट खोटी असेल. पण खोटी गोष्ट रचतानाही राखण करण्याचं काम माणसांनी तिलाच दिलं.

माळावर माझी एक मैत्री आहे. ते धनगर आहेत, माझ्या वडिलांच्या वयाचे. मी त्यांना मामा म्हणते, ते मला ताई. पावसाळ्यात त्यांचा वाडा इकडं असतो, दिवाळी झाली की मेंढरं घेऊन कोकणात उतरतो. मेंढपाळ बोलताना तुमच्या तोंडाकडं पाहत नाही. त्याचे डोळे कळपावर असतात. मामा मेंढरांकडं पाहत बोलतात, मी टेकाडाकडं पाहत ऐकते, आणि आमच्या दोघांत एक घोंगडं पसरलेलं असतं. मध्येच अर्धा तास कुणीच बोलत नाही. मग ते मागचं वाक्य जिथं सोडलं होतं तिथून उचलतात. आयुष्यात इतकं सोपं बोलणं मी दुसऱ्या कुणाशी बोललेले नाही.

त्यांची कोकरं लांडगा नेतो. मी लांडग्यांसाठी येते हे त्यांना पहिल्या दिवसापासून ठाऊक आहे. एकदा मी विचारलं, मामा, राग येत नाही?

"येतो की. पोटचं वाढवल्यालं असतंय. पर त्याचा वाटा त्यो न्हेनार. त्याला बी पोरं हायती."

हे म्हणताना त्यांचा आवाज उदार वगैरे नव्हता. थकलेला होता. भरपाई मिळते, पण पंचनाम्यासाठी मेलेलं मेंढरू जागेवर राखायचं आणि वाडा तर पहाटे पुढं निघायचा. लांडग्यांवर प्रेम करणाऱ्यांनी हा हिशोब टाळू नये असं मला वाटतं. हा प्राणी माळावर टिकला तो बऱ्याच अंशी मामांसारख्यांच्या कळपांवर. देशात आता साधारण 3100 लांडगे आहेत असा अंदाज 2022 मध्ये मांडला गेला. वाघांहून हे कमी.

आमच्याकडं लग्नकार्यात देवक बसवतात. कुणाचं कळंब, कुणाचं मोरपीस. आमच्या घराण्याचं पंचपल्लव. देवक म्हणजे कुळाचा राखणदार. त्याला तोडायचं नाही, जाळायचं नाही, आणि ज्यांचं देवक एक ते एकमेकांचे भाऊबंद. झाडाशी, पाखराशी रक्ताचं नातं असू शकतं हे माझ्या पणज्यांना सांगावं लागत नव्हतं. माझं लग्न झालं नाही, होणारही नाही, त्यामुळं माझ्या नावानं देवक कधी बसलं नाही. ते मी आपल्या मनानं बसवलं: लांडगा. आईला सांगितलं तेव्हा ती बराच वेळ गप्प राहिली, मग म्हणाली, "मग त्याला नैवेद्य काय दाखवतेस?" ती चेष्टा करत नव्हती. तिला खरंच माहीत करून घ्यायचं होतं.

मी लांडगा आहे असं मला वाटत नाही. लांडगा मला ओळखतो असंही नाही, आणि त्यानं ओळखावं अशी माझी इच्छा नाही. कळंबाला तरी कुठं ठाऊक असतं आपण कुणाचे राखणदार आहोत ते? हे नातं मी माझ्या बाजूनं पाळायचं आहे. पाळायचं म्हणजे त्याला खायला न घालणं, त्याच्या बिळाचा पत्ता कुणालाही, कितीही चांगला छायाचित्रकार असला तरी, न देणं, आणि वेळ आली की बोलणं.

बोलणं सगळ्यात अवघड. भटक्या कुत्र्यांकडून लांडग्यांना रोग लागतात. पुण्याजवळच्या लांडग्यांत कुत्र्याचा संकर झाल्याचं 2023 मध्ये जनुकीय तपासणीतून सिद्ध झालं. गावकचरा आणि मेलेल्या कोंबड्या माळावर टाकणं थांबलं तर कुत्री कमी होतील. एवढं सांगायला मी ग्रामसभेत उभी राहिले. कागदावर लिहून नेलं होतं, ते टेबलाकडं पाहत वाचलं, आवाज कापत होता. मागून कुणीतरी हसलं. मग मामांची धाकटी सून उठली आणि म्हणाली, "तिचं खरं हाय. कुत्री आमची बी मेंढरं फाडत्यात." सभा तिचं ऐकून घ्यायला लागली. कचऱ्याची जागा बदलायचा ठराव झाला. नव्या जागेला कुंपण अजून व्हायचं आहे.

शाळकरी पोरांसाठी ही सून आता गावातच राहते, कोकणात जात नाही. बिळाच्या उताराकडं जेसीबी वळला तर मला कळवायचं, हे तिनं स्वतःहून अंगावर घेतलं आहे. फोन वाजला की माझं अंग आकसतं, मी सहसा तो उचलत नाही, लोकांना निरोप लिहायला सांगते. तिला लिहिता येत नाही. तिचा फोन मी उचलते.