फुलांच्या नावांचा रविवार

बल्गेरियात ईस्टरआधीच्या रविवारी, त्स्वेत्नित्सेला, फुलाचं किंवा झाडाचं नाव असलेल्या प्रत्येकाचा नामदिन असतो. मार्गारिता, विओलेता, रोझा, त्स्वेतान सगळ्यांचा एकाच दिवशी!

सोफियात अलेक्झांडर नेव्हस्की कॅथेड्रलसमोर बायका विलोच्या कोवळ्या डहाळ्यांच्या जुड्या विकत बसल्या होत्या. मागे विटोशा डोंगरावर अजून बर्फ होतं. मंत्रून आणलेली डहाळी लोक दारावर लावतात, पोरांच्या डोक्यावर तिचीच वेढी करून घालतात.

आदल्या दिवशी, लाझारोवदेनला, जवळच्या एका खेड्यात गेलो होतो. डोक्यावर फुलांचा साज, गळ्यात नाण्यांच्या माळा, हातात परडी अशा मुली दारोदार गात होत्या. घरातल्या तान्ह्या बाळासाठी गाणं वेगळं, उपवर मुलीसाठी वेगळं. घरधनीण परडीत अंडी घालायची. पूर्वी या फेरीत भाग घेतल्याशिवाय मुलगी लग्नाची झाली असं मानत नसत.

रविवारी दुपारी आमच्या घरमालकीणबाईंकडे माणसांची रीघ लागली. त्यांचं नाव फुलाचं, आजीकडून आलेलं. नामदिनाला आमंत्रण करत नाहीत, आपणहून जायचं असतं. ईस्टरआधीच्या उपासाच्या दिवसांतही त्या दिवशी मासे चालतात, त्यामुळे घरभर तळणाचा वास. येणारा प्रत्येकजण फुलं आणत होता, तीही विषम संख्येत. सम संख्या मयतासाठी. नातवंडाला आजी-आजोबांचं नाव द्यायची रीत इथे अजून टिकून आहे. पूर्ण नाव नको असेल तर निदान पहिलं अक्षर तरी राखतात. स्वतःचं नाव, वडिलांचं नाव, आडनाव ही मांडणीही थेट आपल्यासारखीच.

नावाला इतकं जपणाऱ्या या देशातच १९८४-८५च्या हिवाळ्यात कम्युनिस्ट राजवटीने सुमारे ८ लाख तुर्की भाषकांची नावं जबरदस्तीने बदलून स्लाव्ह धाटणीची केली. १९८९ साली त्यांतले ३ लाखांहून अधिक लोक तुर्कस्तानात निघून गेले. १९९०च्या कायद्याने जुनी नावं परत घेता आली. त्या भरल्या घरात बसल्यावर या अन्यायाचं गांभीर्य मला नीट कळलं. आजीचं नाव हिसकावणं म्हणजे घरातून आजीलाच बाहेर काढणं.

ऑर्थडॉक्स ईस्टरची तारीख दरवर्षी बदलते, ती आधी बघून घ्या आणि त्स्वेत्नित्सेच्या आदल्या शनिवारच्या आतच पोचा. ओळखीत कुणी फुलाच्या नावाचं निघालं, तर बोलावण्याची वाट न बघता फुलं घेऊन जा.